घरात सापडलेली काचेची निगेटिव्ह किती जुनी? तारीख अशी शोधली जाते

२००० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामध्ये, फ्रेस्नो शहरातल्या एका गराज सेलमध्ये एका गृहस्थांनी जुन्या काचेच्या निगेटिव्हची खोकी विकत घेतली. घासाघीस करून किंमत ठरली ४५ डॉलर. काचा उजेडासमोर धरल्यावर त्यांना योसेमिटीचे डोंगर, धबधबे आणि सॅन फ्रान्सिस्कोचा किनारा दिसला. त्यांच्या मनात एकच नाव आलं, ते म्हणजे अॅन्सेल अॅडम्स, अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध निसर्गछायाचित्रकार.

पुढची दहा वर्षं हे सिद्ध करण्यात गेली. काचांचा आकार अॅडम्स तरुणपणी वापरत त्या प्लेटचाच होता. काही काचांच्या कडा जळालेल्या होत्या आणि अॅडम्स यांच्या डार्करूमला १९३७ साली आग लागली होती, ही नोंद होतीच. २०१० च्या जुलैमध्ये या गृहस्थांच्या तज्ज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन काचांची किंमत २० कोटी डॉलर असल्याचं जाहीर केलं.

ही बातमी टीव्हीवर पाहून एका महिलेने फोन केला. यातल्या एका फोटोसारखाच, त्याच झाडाचा फोटो तिच्या घरात कित्येक वर्षं भिंतीवर होता आणि तो तिच्या काकांनी काढलेला होता. दोन्ही फोटोंतल्या सावल्या ताडून पाहिल्या तेव्हा त्या जवळजवळ तंतोतंत जुळल्या. अॅडम्स यांच्या छायाचित्रांचे हक्क सांभाळणारा ट्रस्ट कोर्टात गेला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. प्रिंट विकता येतील, पण अॅडम्स यांचं नाव वापरून नाही, असं ठरलं.

काचा खोट्या नव्हत्या. त्या १९२० च्या आसपासच्या काळातल्या असाव्यात, हा अंदाजही कोणी फारसा नाकारला नाही. चूक झाली ती पुढच्या उडीत. 'काळ जुळला' याचा अर्थ 'माणूस जुळला' असा घेतला गेला.

आपल्याकडे अशी २० कोटी डॉलरची बातमी कोणी केलेली नाही, पण वाड्यांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या फडताळात आणि चोर बाजारासारख्या ठिकाणी काचेच्या निगेटिव्ह आजही निघतात. इंस्टाग्रामवर त्यांचे उलटे रंग सुलटे करून '१५० वर्षांपूर्वीचा दुर्मिळ फोटो' अशी ओळ टाकली की लाइक्स मिळतात. मात्र ती काच खरंच १५० वर्षांची आहे की ७० वर्षांची, हे बऱ्याचदा काच स्वतःच सांगते.

आधी ती निगेटिव्ह आहे का?

काचेवर चित्र दिसलं म्हणजे ती निगेटिव्हच असेल असं नाही. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं. काच उजेडासमोर धरल्यावर चेहरे नेहमीसारखेच दिसत असतील आणि काच साधारण सव्वातीन इंच चौरस असेल, तर ती बहुतेक मॅजिक लँटर्नची स्लाइड आहे. सिनेमा येण्यापूर्वी पडद्यावर चित्रं दाखवायला अशा स्लाइड वापरत. त्यावर सहसा दुसरी काच ठेवून कडेने काळी कागदी पट्टी चिकटवलेली असते.

दुसरा प्रकार अँब्रोटाइपचा. हे १८५० च्या दशकातलं काचेवरचं पोर्ट्रेट. मुळात ही फिकट निगेटिव्हच असते, पण मागे काळा रंग किंवा काळं कापड लावल्यामुळे ती सुलटी दिसते. छोट्या पेटीत बसवलेलं असं पोर्ट्रेट कोणाकडे असेल तर मागचा काळा रंग 'घाण' समजून खरवडू नका. चित्र दिसतं ते त्या काळ्या रंगामुळेच.

सगळ्यात मोठी रेषा : ओली काच की कोरडी काच

काचेवरच्या फोटोग्राफीचे ढोबळ दोन कालखंड पडतात आणि तारीख शोधण्याचं निम्मं काम इथेच होतं.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ साली 'वेट कोलोडियन' पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी काचेवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन प्रयोग झाले होते, पण त्याला एक्स्पोजर फार लागे. आर्चरच्या पद्धतीत ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं गन कॉटन, म्हणजे कोलोडियन, काचेवर हाताने ओतायचं, काच तिरकी करत ते चारी कोपऱ्यांत पसरवायचं, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो काढून झाला की थर वाळायच्या आत डेव्हलप करायची. हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागे, त्यामुळे फोटोग्राफर जाईल तिथे डार्करूमचा तंबूही जायचा. आर्चरने या शोधाचं पेटंट घेतलं नाही. जगभरच्या स्टुडिओंनी त्यावर पैसा कमावला आणि तो स्वतः १८५७ साली हलाखीत वारला.

भारतातल्या उकाड्यात ही पद्धत म्हणजे शिक्षाच होती, कारण ईथर भराभर उडून जायचं. तरीही मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ पासून हिमालयात फिरला तो काचा, रसायनं आणि तंबू वाहणाऱ्या हमालांची फौज घेऊनच. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, ओल्या काचेवर फोटो काढले.

मग १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरायची कल्पना मांडली. सुरुवातीला ती फार मंद होती. १८७८ साली चार्ल्स बेनेटने जिलेटिनचं मिश्रण उबेत बराच वेळ ठेवून त्याची संवेदनशीलता कितीतरी वाढवली आणि चित्रच पालटलं. आता काच कारखान्यात तयार होऊ लागली, खोक्यात भरून जगभर जाऊ लागली. ती कोरडी असायची, महिनोन्महिने टिकायची आणि सेकंदाच्या अंशात फोटो द्यायची. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नेहमीच्या फोटोग्राफीतून ओली काच जवळपास हद्दपार झाली.

म्हणजे हिशेब असा : काच कोलोडियनची असेल तर साधारण १८५१ ते १८८५ आणि जिलेटिनची असेल तर १८७८ नंतरची. यात एक पळवाट आहे. छपाईसाठी ब्लॉक बनवणाऱ्यांनी ओली काच विसाव्या शतकातही वापरली. म्हणून एखाद्या जुन्या छापखान्यातून निघालेली कोलोडियनची काच बघून लगेच १८६० म्हणू नये.

मग या दोन काचा ओळखायच्या कशा?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हवं स्वच्छ टेबल, मऊ हातमोजे आणि फोन.

आधी कड बघा. ओल्या काचेच्या काळात फोटोग्राफर बऱ्याचदा स्वतःच काच कापायचा. त्यामुळे कडा ओबडधोबड, कोपरे काटकोनात नसलेले आणि काच जाड असते. कधीकधी हाताला लागू नये म्हणून कडा घासलेल्या दिसतात. कारखान्यातल्या जिलेटिन प्लेटची काच पातळ, एकसारखी आणि नेमक्या मापाची असते.

मग थर बघा. कोलोडियन हाताने ओतलेलं असल्यामुळे कुठे जाड, कुठे पातळ होतं, कडेला लाटेसारखे ओघळ दिसतात. एका कोपऱ्यात बऱ्याचदा थरच नसतो, कारण ओतताना फोटोग्राफरने काच तिथे धरलेली असते. क्वचित वार्निशमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसाही उमटलेला असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अंगठा हा कुठल्याही सहीपेक्षा भारी पुरावा. जिलेटिनचा थर मात्र मशिनने दिलेला, कडेपर्यंत सपाट असतो.

तिसरी खूण रंगाची. काचेमागे काळं कापड धरा. कोलोडियनची चांदी साय किंवा फिक्या चहासारखी दिसते आणि काळ्या पार्श्वभूमीवर चित्र चक्क सुलटं दिसू लागतं. जिलेटिनच्या निगेटिव्हमध्ये काळा हा खरा करडा-काळा असतो आणि हा खेळ फारसा जमत नाही. उलट जिलेटिनच्या काचेच्या कडांना अनेकदा निळसर, आरशासारखी चकाकी आलेली असते. दमट हवेत आणि हलक्या कागदाच्या पाकिटात राहिलेल्या काचांवर ती हमखास दिसते, म्हणजे कोकण आणि मुंबईतल्या काचांवर तर असणारच. ती वयाची खूण आहे, पण नेमक्या वर्षाची नाही.

कोणती बाजू थराची, हे काच तिरकी धरली की कळतं : चकचकीत ती नुसती काच, मंद ती थराची. काचेच्या बाजूने पाहिल्यावर दुकानाची पाटी सरळ वाचता आली पाहिजे.

झेंडूचा हार काय सांगतो?

जिलेटिनचा कालखंड लांबलचक आहे, कारण काही स्टुडिओंत काच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. तो आणखी कापायला रंग मदत करतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कुठून आले, असं वाटेल. पण सुरुवातीच्या सगळ्या प्लेट फक्त निळा आणि अतिनील प्रकाश 'बघत'. निळं आकाश त्यामुळे कोरं पांढरं यायचं, ढग गायब व्हायचे. पिवळा आणि लाल हे रंग त्यांच्या दृष्टीने अंधारच.

१८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला लक्षात आलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवा-पिवळा प्रकाशही कळतो. अशा 'ऑर्थोक्रोमॅटिक' प्लेट १८८० च्या दशकात बाजारात आल्या. लालसुद्धा ओळखणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' प्लेट लंडनजवळच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ मध्ये विकायला काढल्या.

आता एखादा लग्नाचा फोटो घ्या. निगेटिव्ह सुलटी केल्यावर पिवळ्या झेंडूचा हार काळपट दिसत असेल तर प्लेट साधी, जुन्या धाटणीची. हार उजळ पण कुंकू आणि लाल पागोटं काळं असेल तर ऑर्थो, म्हणजे १८८० नंतर. लालही करड्या छटेत, नैसर्गिक दिसत असेल तर पॅनक्रोमॅटिक, म्हणजे १९०६ च्या अलीकडे. आपल्याकडच्या फोटोंत कुंकू, हळद, झेंडू आणि फेटे असल्यामुळे ही कसोटी बरी लागू पडते. अर्थात मूळ रंग काय होता, याची खात्री असेल तरच. आणि ही कसोटी एकाच दिशेने चालते : स्वस्त साध्या प्लेट नंतरही विकल्या जात होत्याच, म्हणून काळपट हार दिसला की फोटो १८८० पूर्वीचा, असं म्हणता येत नाही.

खोक्यावरचं नाव

काचा मूळ खोक्यात असतील तर खोकं फेकू नका. कंपन्यांनी नावं बदलली ती वर्षं माहीत आहेत. जॉर्ज ईस्टमनची कंपनी १८८१ मध्ये 'ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी' होती, १८८४ मध्ये त्यात 'अँड फिल्म' आलं आणि १८९२ मध्ये ती 'ईस्टमन कोडॅक' झाली. इंग्लंडमधली इलफर्ड १८७९ मध्ये 'ब्रिटानिया वर्क्स' म्हणून सुरू झाली, 'इलफर्ड लिमिटेड' हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. रॅटनची कंपनी १९१२ मध्ये कोडॅकने घेतली. प्लेटच्या वेगाचा आकडा 'एच अँड डी' असा लिहिलेला असेल तर खोकं १८९० नंतरचं, कारण हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी ती मापनपद्धत त्या वर्षी प्रसिद्ध केली.

फक्त एक लक्षात ठेवायचं : खोकं मजबूत असायचं, त्यामुळे स्टुडिओवाले त्यात कुठल्याही काचा भरायचे. बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा निघतो, तसंच हे. खोक्यावरून काचेची तारीख ठरवायची तर आकार आणि काचेची जात जुळते का हे आधी पाहावं.

आकारावरून वर्षापेक्षा देश जास्त कळतो. ब्रिटिश मापं म्हणजे फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, क्वार्टर सव्वातीन बाय सव्वाचार. भारतात मुख्यतः हीच चालली. ९ बाय १२ किंवा १३ बाय १८ सेंटिमीटरची काच निघाली तर युरोपातला कॅमेरा असण्याची शक्यता जास्त.

स्टुडिओचं नावही असंच जपून वाचावं. लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास इंदूरमध्ये फोटोग्राफी सुरू केली, पुढे ते सिकंदराबादला गेले आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. निजामाने त्यांना 'राजा' ही पदवी १८९४ मध्ये दिली. त्यामुळे पाकिटावर 'राजा' आणि 'मुंबई' दोन्ही असेल तर ते पाकीट १८९६ पूर्वीचं असूच शकत नाही. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीतल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहेत.

उलट उदाहरण बोर्न अँड शेफर्ड. सॅम्युएल बोर्न १८७० च्या सुमारास भारत सोडून गेला, पण त्याच्या नावाचा स्टुडिओ कोलकात्यात २०१६ पर्यंत चालला. नावावरून तिथे काहीच ठरत नाही, निगेटिव्हचा क्रमांक आणि जुनी सूची ताडून पाहावी लागते. १९९१ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि संग्रहाचा मोठा भाग गेला, त्यामुळे तो मार्गही बराचसा बंद झाला.

चित्रात काय आहे, आणि काय नाही

इथे मुंबईकरांची चैन आहे, कारण शहराच्या इमारतींची वर्षं नोंदलेली आहेत. समजा, काचेवर बोरीबंदरचं रेल्वे स्थानक पूर्ण बांधलेलं दिसतंय. म्हणजे फोटो १८८७-८८ नंतरचा. समोरच्या कोपऱ्यात महापालिकेची इमारतही आहे, म्हणजे १८९३ नंतरचा. रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, पण वरती विजेच्या तारा नाहीत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. झालं, फोटो चौदा वर्षांच्या चौकटीत बसला. अपोलो बंदरावरच्या फोटोत ताजमहाल हॉटेल असेल पण गेटवे नसेल, तर १९०३ ते १९२४ दरम्यानचा, आणि गेटवेचं काम अर्धवट दिसत असेल तर आणखी जवळ जाता येतं.

नसलेली गोष्ट ही असलेल्या गोष्टीइतकीच बोलते, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ती असू शकते, हेही तपासायला हवं. कपड्यांवर मात्र फार विसंबू नये. १९२० च्या सुमारास गांधी टोपी रूढ झाली, म्हणून ती दिसली तर फोटो त्याआधीचा नाही, इतकं नक्की. पगडी दिसली तर काहीच नक्की नाही. आजोबा लोक पगडी सोडत नव्हते.

सगळ्यात जास्त फसवणारी काच

पणजोबांचा फोटो, जिलेटिनची काच, पॅनक्रोमॅटिक प्लेट. पणजोबा तर १८९९ मध्येच गेले. मग?

बहुधा ही 'कॉपी निगेटिव्ह' आहे. पूर्वी घरात एकच प्रिंट असायची. भावाभावांत वाटणी झाली किंवा फ्रेमला वाळवी लागली की ती प्रिंट स्टुडिओत नेऊन तिचाच फोटो काढून घेत. अशा काचेवर माणूस १८९० चा असतो आणि काच १९४० ची. भिंगाने पाहिलं तर कागदाचे तंतू, सुरकुती, टाचणीचं भोक, मूळ पुठ्ठ्याची कड किंवा प्रिंटवरचा चकाकीचा डाग सापडतो. म्हणून जाणकार दोन वेगळ्या तारखा लिहितात, एक चित्राची आणि एक काचेची.

चेहऱ्यावर थराच्या बाजूने पेन्सिलचे बारीक फटकारे दिसले तर घाबरू नका. ते रिटचिंग आहे, सुरकुत्या आणि देवीचे व्रण घालवायला केलेलं. त्या काळातलं फिल्टरच. पार्श्वभूमी झाकायला लावलेला लाल किंवा काळा रंगही मूळचाच असतो.

आणि कृपया, पुसू नका

काच आहे म्हणून ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. जिलेटिन पाण्याने फुगतं आणि सुटून येतं. कोलोडियनवरचं वार्निश स्पिरिटने विरघळतं. सॅनिटायझर तर अजिबातच नको. मऊ ब्रशने फक्त काचेच्या बाजूची धूळ झटकावी, थराच्या बाजूला हात लावू नये. काचा एकमेकींवर रचू नयेत. प्रत्येक काच साध्या, आम्लविरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवावी. फुटलेली असेल तर सेलोटेप लावू नये, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावी.

फोटो घ्यायला फोन पुरतो. टॅबलेट किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, काच तिच्यापासून बोटभर वर आधारावर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा आणि वरून फोटो काढून रंग उलटे करा. एक फोटो कडांसकट घ्या. पोस्ट करताना लोक कडा हमखास कापतात, आणि अंगठ्याचा ठसा, ओघळ, कापलेली काच हे सगळं तिथेच असतं.

मग पाकिटावर, काच आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने लिहायचं : कुठे सापडली, कोणाकडून मिळाली, माप किती आणि तारीख. एकच वर्ष लिहिण्यापेक्षा 'सुमारे १८९३ ते १९०७' असं, आणि शेजारी कारण : 'महापालिकेची इमारत आहे, ट्रामच्या तारा नाहीत'. पुढे कोणाला चौकट आणखी आवळायची असेल, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.